मिठाचा हात

आई, तुझं पोळी-भाजी केंद्र होतं त्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. परवा डोंबिवलीला गेले होते, तेव्हा फोनची काच बदलायच्या निमित्ताने दहा मिनिटं आत उभी राहिले. ओट्याच्या जागी काउंटर आहे आणि तुझी मिठाची बरणी असायची त्या कोपऱ्यात चार्जर टांगलेत. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुला काही लिहावंसं वाटलं नव्हतं, आज वाटतंय त्याचं कारण ऑफिसातलं आहे.

माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासतात. माझ्या हाताखाली नऊ जण आहेत, पण कुठलंही खोकं छपाईला जातं ते मी शेवटचं वाचल्यावरच. काल त्यातल्या सगळ्यात हुशार मुलीने राजीनामा दिला. मुलगी आपलं म्हणायचं, चाळिशीची आहे. म्हणाली, "मॅडम, बारा वर्षं झाली. माझ्या कामात तुम्हाला कधी चूक सापडली नाही, तरी एकही खोकं माझ्या ओकेवर गेलेलं नाही. मग मी इथे करते काय?" मी म्हटलं, "अगं, विश्वास नाही असं नाही." "मग काय आहे?" तिने विचारलं, तेही अगदी शांतपणे. मी तिला सोमवारपर्यंत थांब म्हटलं.

तुझ्याकडे उत्तर तयार असायचं. केंद्रात सात बायका होत्या. कणीक, फोडणी, डबे भरणं सगळं त्यांच्याकडे, मीठ मात्र फक्त तू घालायचीस. भाजी शिजत आली की बाई बाजूला सरायची, तू यायचीस, मुठीनेच अंदाज घेऊन मीठ टाकायचीस आणि पुढच्या पातेल्याकडे वळायचीस. कुणी विचारलंच तर सासरची गोष्ट सांगायचीस. तू नवी नवरी, आमटीत दोन्ही जावांनी एकमेकींना न विचारता मीठ घातलं आणि भर पंगतीत बोलणी बसली तुला. "तेव्हाच ठरवलं, सात जणी असल्या तरी मिठाचा हात एकच." बायकांना तो तुझा ताठा वाटायचा. मला वाटतं, ती भीती होती. त्या भीतीवर तू केंद्र चालवलंस, आणि चांगलं चालवलंस, पण तुझ्या हाताखालच्या एकीनेही पुढे स्वतःचं काही काढलं नाही. तुला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

मग तो तापाचा दिवस. मी अकरावीत आहे. तू वरच्या खोलीत पडून आहेस, "जा, खाली बघ जरा," म्हणतेस आणि मी जिना उतरते. पाच पातेली तयार आहेत, बायका पदराला हात पुसत उभ्या आहेत. आंबिवलीहून येणारी मावशी, पहिल्या दिवसापासून तुझ्यासोबत असलेली, बरणीकडे जाते. "ताई काय बोलणार नाय, मी घालते," म्हणते. "इतकी वर्षं बघतेय ना."

तरी त्या दिवशी डबे अळणी गेले. दुपारी गिऱ्हाइकं डबे घेऊन परत आली. तू भिंत धरत खाली उतरलीस आणि सगळ्यांना ओळीने उभं केलंस. "साधं मीठ घालायची अक्कल नाही? हात सगळ्यांना दिलेत, डोकं मात्र मीच वापरायचं." मावशी माझ्याकडे बघत होती. दिवाळीनंतर ती आलीच नाही. तू मात्र तो दिवस शेवटपर्यंत सांगत राहिलीस, आपण नसलो की काय होतं त्याचा पुरावा म्हणून. ऐकून ऐकून मलाही तो पटला. नऊ माणसं मी त्याच पुराव्यावर सांभाळली.

त्यांनी मीठ का घातलं नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. मावशीने बरणीचं झाकण काढलं होतं, आई. मी म्हटलं, "थांबा, आईला विचारून येते." वर आले तर तू गाढ झोपलेली, कपाळावरची पट्टी सुकून गेलेली. उठवावंसं वाटलं नाही. खाली जाऊन सांगितलं, "आई नको म्हणाली. ती येतेय." सात बायका माझ्या शब्दावर थांबल्या आणि मला ते आवडलं. डबे न्यायची वेळ झाली, गिऱ्हाइकं दारात आली, तू येणार नव्हतीसच. घाला आता मीठ, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. डबे तसेच भरले गेले. नंतर वीस वर्षं तू माझ्यासमोर होतीस, तरी हे सांगायला मला जमलं नाही. मावशीच्या आठवणीने मला आजही लाज वाटते.

सोमवारी त्या मुलीला सांगणार आहे, टेबलावरचं खोकं तुझ्या ओकेवर जाऊ दे, मी बघणार नाही. ती राहील की जाईल, माहीत नाही. हे लिहितेय तो कागद त्याच खोक्याच्या प्रूफचा आहे, पाठकोरा. प्रूफ मी घरी आणलं होतं. लिहायला बसण्याआधी दोनदा वाचलं. चूक नव्हती.