उडीखालची सावली

४ मार्च

'उडी' आज पुन्हा संपली. सकाळी दुकानात लावलेल्या फोटोच्या प्रती जेवायच्या आत गेल्या. मालक म्हणाला, "भिंगरी, मशीन बंद करू नकोस." मला इथे सगळे भिंगरीच म्हणतात — बूड एका जागी टेकत नाही म्हणून. ही चौथी नोकरी. बॅग खाटेखाली भरलेलीच आहे. आपलं काही सांगता येत नाही.

फोटो मालकाला भंगारात मिळाला. जुना, काळा-पांढरा. एक माणूस कालव्याच्या पुलावरून उडी मारतोय — पांढरा शर्ट, टाय खांद्यावरून मागे उडालेला, टोपी त्याच्याही वर. तोंड दिसत नाही. पण बघितलं की हसूच येतं. खाली पुलावर फोटो काढणाऱ्याची सावली पडलीय. ती फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून मी तेवढी पट्टी कापून टाकतो. एक पट्टी या वहीत खूण म्हणून ठेवलीय.

५ मार्च

एक प्रत जरा फिकी आली, ती खोलीवर आणली. घरमालकीण मावशी सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवताना ती एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभी राहते, बगळ्यासारखी. या वयात! पडशील म्हटलं तर म्हणते, "तू आधी दोन पायांवर नीट उभा राहून दाखव."

फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "खालचं कुठंय?"

फुकट दिलं तरी खोट काढायचीच.

९ मार्च

वाईट दिवस. कडक इस्त्रीचा एक जण आला आणि काचेतला फोटो बघून म्हणाला, "हा माझ्या आजोबांनी काढलाय. निगेटिव्ह आमच्या घरी आहे. स्टुडिओ होता त्यांचा. कुणाला विचारून विकता?" मालकाने मूळ फोटो खणातून बाहेर काढला. मागे शिक्का — त्याच स्टुडिओचा. मालकाचं तोंड एवढंसं झालं.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, फोटो ज्याने काढला, हक्क त्याचा. तो गेला की वारसांचा, ठरलेली वर्षं सरेपर्यंत. ती अजून सरलेली नाहीत. मालक म्हणाला, "पण मी विकत घेतलाय हो!" बाई म्हणाल्या, "तुम्ही कागद घेतलात. प्रती विकायचा हक्क कागदाला चिकटून येत नाही."

'उडी' काचेतून काढली.

११ मार्च

गिऱ्हाईक नाही. दिवसभर त्याच त्या फ्रेमा पुसल्या.

१२ मार्च

मालक हळूच म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बघू. मग तू दुसरीकडे बघ बाबा. त्या एका फोटोवर चाललं होतं आपलं." मला काय, बॅग तयारच आहे. एरवी असं ऐकलं की पायाला चाकं फुटतात. आज फुटली नाहीत. गंमतच आहे.

१६ मार्च

आज सगळं लिहूनच झोपणार.

नातू पुन्हा आला. मालकाने त्याच्याकडे परवानगी मागितली होती, तर तो म्हणाला, "विचार करतो. आधी आजोबा कोण होते ते बघा," आणि अल्बम उघडला. आजोबा ताठ उभे. सगळ्या फोटोंत डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, उजवी मनगटाला बंद. "फोटो धुताना डावा हात पाण्यात असायचा," नातू सांगत होता. "आयुष्यभर लोकांना 'हलू नका' म्हणाले. घरीसुद्धा. हसताना आम्ही कधी बघितलं नाही त्यांना."

मी मूळ फोटो बघितला. उडी मारणाऱ्याची डावी बाही दुमडलेली. उजवी बंद.

मी म्हटलं, "साहेब, हे तुमचे आजोबाच आहेत. हवेत."

तो खुर्चीत बसला. भिंग डोळ्याला लावलं. मला वाटलं, आता चिडेल. तर तो हसायला लागला — डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मालक म्हणाला, "म्हणजे मग फोटो काढला कुणी?"

सावली! मी वहीतली पट्टी काढली. इतके दिवस कापत होतो, पण नीट बघितली आज. वाकलेलं डोकं, दोन्ही कोपरं बाहेर. आणि पाय एकच. दुसरा गुडघ्याला टेकवलेला.

मी दुकानातून तसाच पळालो.

मावशी भाजी निवडत होती. पट्टी समोर धरली. "तरी मी म्हटलं," ती म्हणाली, "तुझं काय वाकडं केलं होतं मी, मला कापलं ते."

१८ मार्च

मावशीला वकीलबाईंकडे नेलं. नातूही आला. मावशीने सांगितलं — ती तरुणपणी स्टुडिओत फोटो काढून घ्यायला गेली होती. सारखी हलायची. स्टुडिओवाला वैतागला. ही म्हणाली, तुम्हीच एकदा हलून बघा. भांडत भांडत दोघं पुलापर्यंत गेली. त्याने कॅमेरा हिच्या हातात दिला, बटण दाखवलं आणि पुढचं काही बोलायच्या आत कठड्यावर चढला.

बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे पगारावर होता?"

"पगार? माझा फोटोसुद्धा राहिला तो राहिलाच."

नातू म्हणाला, "कॅमेरा आजोबांचा, फिल्म आजोबांची." बाई म्हणाल्या, "माझ्या पेनाने तुम्ही पत्र लिहिलंत तर ते माझं होतं का?" तो म्हणाला, "मी भांडत नाही हो. मला फक्त एक मोठी प्रत द्या, दिवाणखान्यात लावायला."

मावशीने मालकाला विकायची परवानगी लिहून दिली. अट एकच — "मला कापायचं नाही."

१९ मार्च

आईचा फोन. "टिकलास का रे अजून?" हो म्हटलं. "खरं सांग, तूच बोलतोयस ना?"

२१ मार्च

सगळ्या फ्रेमा मोठ्या मापाच्या केल्या. 'उडी' सावलीसकट काचेत. लोक आता खाली बोट दाखवून विचारतात, ही कोण? मालक सांगत सुटतो.

२३ मार्च

बॅग रिकामी केली. चांगला शर्ट त्यातच सापडला. सकाळी पुलावर गेलो. मालकाचा कॅमेरा मावशीच्या हातात, नातवाने तिला एका बाजूने धरलेलं. मी कठड्यावर चढलो. मावशीने एक पाय वर घेतला आणि म्हणाली, "हल आता."