डोंगरावरचं छप्पर

सान रोके मठ,
१२ जानेवारी

प्रिय नोनॉय,

गुडघा कसा आहे? मनांगच्या, थोरल्या बहिणीच्या, दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणजे हात तरी दुखत असणार. देव तुला सुखात ठेवो, असं लिहायची माझी सवय. पण तू सुखात नाहीस हे मला ठाऊक आहे. निदान वेळेवर जेवतोस ना, एवढंच विचारते.

इकडे ठीक. सिस्टर परपेतुआ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी राजधानीत मंत्रालयासमोर पाच दिवस उपास करून परतल्या आणि आल्या आल्या तीन ताटल्या भात जेवल्या. "उपास सोडायचा तर नीट सोडावा," म्हणाल्या. वादळात किनाऱ्यावरची तिवरं गेली, म्हणून आम्ही कमरेएवढ्या चिखलात उभं राहून पुन्हा रोपं लावतोय. वेदीवरचं पांढरं कापड काल दोनदा धुतलं. वाळत घातलं की तुमच्या कंपनीच्या चिमणीची राख येऊन बसतेच. 'तुमच्या' लिहून गेले बघ. तू तिथे क्रेन चालवतोस, भट्टी पेटवत नाहीस, हे कळतं मला. जित्याची खोड.

शुक्रवारी सुनावणी आहे. कंपनीला कोळशाची दुसरी भट्टी लावू द्यायची की नाही, ते ठरणार. मठातर्फे मी बोलायचंय. वादळात गेलेल्या अकरा जणांची नावं वाचायची, कोळशाच्या धुराने समुद्र तापतो आणि तापलेला समुद्र गरिबाच्याच अंगावर कसा येतो, ते सांगायचं. आईचं नाव चौथं आहे. तालीम करताना मी तीनदा तिथेच अडखळले.

मदर आन्सेल्मा म्हणाल्या, "विचारतील तेवढंच सांग. न विचारलेलं सांगून त्यांच्या हाती काठी देऊ नकोस."

ते न विचारलेलं आधी तुला सांगते.

गुड फ्रायडेला चॅपेलमध्ये तीनशे माणसांनी क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली, आठवतं? कंपनीचा तांदूळ घेणार नाही, पाणी पिणार नाही, त्यांच्या छपराखाली जाणार नाही. तू दारात हात बांधून उभा होतास. म्हणालास, "मनांग, माझ्या पगाराचे सुके मासे खाल्ले तर आईला पाप लागतं का, तेही एकदा विचारून घे." सगळे हसले. मीही हसले.

तांदूळ आणि पाणी लोकांनी सुचवलं होतं. छपराची अट मी घातली. डोंगरावर कंपनीने सिमेंटचं सभागृह बांधून त्यावर घराएवढ्या अक्षरांत आपलं नाव रंगवलं होतं. ते नाव माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

वादळाच्या दुपारी लोकांना त्या सभागृहात न्यायला तू कंपनीचा ट्रक घेऊन किनाऱ्यावर आलास. बरीच माणसं चढली, आई चढेना. तिला पुरताना तू मातीकडे बघत म्हणालास, "उचलून टाकायला हवी होती तिला. चाळीस किलोची बाई, मला उचलता आली नाही?" मी तुझ्या शेजारी होते. त्या दुपारी फोन लागतच नव्हता, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

फोन लागला होता, नोनॉय.

तू पोरांना ट्रकमध्ये चढवत होतास तेव्हा तिने शेजारणीच्या फोनवरून मला गाठलं. मी शहरात बिशपांच्या कचेरीत होते. म्हणाली, "अगं, धाकटा ओढतोय मला. मी तर क्रूसावर हात ठेवलाय. आजच्यापुरतं गेले तर चालेल का गं?"

एक 'हो' पुरलं असतं. जिवावर बेततं तिथे शपथ बांधत नाही, हे मीच धर्मवर्गात मुलांना शिकवते. पण दुसऱ्या दिवशी वार्ताहर येणार होते. आमची माणसं त्या नावाखाली, त्यांनी दिलेली ब्लँकेटं पांघरून बसलीत, असा फोटो मला दिसायला लागला. मी म्हटलं, "चॅपेलच्या भिंती शंभर वर्षांच्या आहेत, आई. तिथे जा."

"बरं बाई," म्हणाली. जरा हिरमुसली होती. चुलीवर बिबिंग्काचा केक ठेवून आलेय, तेवढी उतरवते, म्हणाली.

ती निघाली म्हणून बाकीचे दहा तिच्यामागून गेले. भिंती टिकल्या. पाणी खिडक्यांतून आलं.

शुक्रवारी मी अकरा नावं वाचणार. धुराचंही बोलणार, त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. समुद्र काही मी तापवला नाही. आणि मग हेही सांगणार. त्यांचे वकील खूश होतील, मदर मला कुठल्या तरी लांबच्या मठात धाडतील, दुसरी भट्टी कदाचित पेटेलही. मला फार भीती वाटते. सिस्टर परपेतुआंना सांगितलं. त्या माझ्यापुढे ताटली सरकवून म्हणाल्या, "आधी जेव."

शनिवारी आईचा चाळीसावा दिवस. आलास आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिलास तरी चालेल. मेणबत्ती तू लाव. पण ते उचलण्याचं पुन्हा कधी म्हणू नकोस. तू उचलली असतीस तर तुझ्या हाताला चावून तिने खाली उडी मारली असती. तुझं ती ऐकणारच नव्हती. ती माझं ऐकायची, आणि त्या दुपारीही तिने ऐकलं.

आज नावापुढे सिस्टर लिहायला हात धजत नाही.

तुझी मनांग,
लुर्दिता