टेपात तांदूळ नव्हते

आई,

काल तू कीर्तनाले गेल्यावर गाडीचा टेप काढला. आधी बॅटरीची तार सोडली. तुह्या भाकरी उलथायच्या सराट्याले फडकं गुंडाळून टेपाभोवतीची पट्टी उचलली, मंग स्क्रू खोलले. कुठंच ओरखडा नाही.

आत तांदळाचा एक दाणा नव्हता. सीडीच्या फटीत माहंच मेमरी कार्ड अडकलं होतं, मीच चुकीच्या जागी घातलेलं. अन् गाडीच्या पूजेत पाहुण्यांसमोर म्हणलो, तुह्या अक्षतांनं टेप बिघडला. तवापासून तू गाडीत बसली नाही.

तोंडावर सांगणं होत नाही, म्हणून तू उठायच्या आत वावरात चाललो. वडनेरच्या बाजाराले एसटीनं जाऊ नको, वावरातून येऊन मी गाडीनं नेतो. निघायच्या आधी गाडीवर त्या दिवशी मी रागात पुसलेलं स्वस्तिक पुन्हा काढशील का?

गोकुळ