दोष आढळला नाही

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घरात फोन असताना भाऊ-बहीण पत्रं लिहितात हे ऑफिसात सांगितलं तर मला काचेच्या कपाटात ठेवून वर पाटी लावतील. पण तुमच्या घराच्या पातळ भिंती आणि बाबांचे तिखट कान मला माहीत आहेत, तेव्हा हेच बरं. दुकानाच्या पत्त्यावरच पाठवते आहे. चष्म्याच्या गिऱ्हाइकासमोर वाचत बसू नकोस.

मी ठीक. दिवसा धुलाईयंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते. परवा एका यंत्राने पाणी काढून टाकायच्या आधीच दार उघडलं आणि साहेब गुडघ्यापर्यंत धुऊन निघाले. चूक माझी नव्हती, पण हसले मीच, त्यामुळे सध्या वातावरण तंग आहे.

संध्याकाळी माझा तो दुसरा उद्योग. एम्युलेटर म्हणजे काय असं तू विचारलं होतंस. अरे, एका यंत्राला दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायला शिकवायचं. हातात मावणारं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं गेमयंत्र घ्यायचं आणि त्याला पटवायचं की तू त्याहूनही जुना घरगुती कॉम्प्युटर आहेस. ते बिचारं मान डोलावतं आणि त्या कॉम्प्युटरचे खेळ त्याच्यावर चालू लागतात. आता हेच सोंग आजचा कुठलाही फोन डुलक्या घेत वठवतो. मग जुन्यासाठी लिहायचं कशाला? तर त्याला खरी बटणं आहेत, त्याची मेमरी इतकी तुटपुंजी की आळशीपणा करायला जागाच नाही, आणि ते अख्खं यंत्र माझ्या एकटीच्या डोक्यात मावतं. ही कारणं मला चार वर्षं पुरली. आता पुरेनाशी झालीत. बॅटऱ्या फुगतात, पडदे पिवळे पडतात, सुटे भाग मिळत नाहीत. साऱ्या जगात मिळून माझे चौदा वापरकर्ते उरलेत. तेरा गप्प असतात आणि चौदावा छळतो. स्वतःला ‘एक त्रस्त वापरकर्ता’ म्हणवतो. छत्तीस तक्रारी झाल्या त्याच्या! परवाची अशी की गलबताच्या खेळात तिसऱ्या टप्प्यावर शिडाची उजवीकडची एक उभी ओळ गाळली गेली आहे, मूळ पुस्तिकेतल्या चित्रात बावीस ओळी असून येथे एकवीसच दिसतात, कृपया ताडून पाहावे. मी दात-ओठ खात मोजल्या. एकवीसच होत्या.

तेव्हा महिनाअखेर हे बंद करते आहे. नव्या यंत्रांसाठी लिहीन, नाहीतर झोपा काढीन.

बाबा कसे आहेत? मी विचारलं असं सांगू नकोस. त्यांनी छापखान्यात लावून दिलेली नोकरी मी सोडली, त्यावर ते जे बोलले आणि मी जे बोलले, त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. वहिनीला नमस्कार. माझ्या बडबडीला कंटाळलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मुंगी

११ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

बंद करू नकोस. कारण सांगतो, पण आधी खाली बस.

तुझा तो चौदावा छळवादी आमच्या मागच्या खोलीत राहतो. सकाळी सातला आंघोळ उरकून, माझ्याच दुकानातलं भिंग डोळ्याला लावून शिडाच्या ओळी मोजतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून निवृत्त झालेला मुद्रितशोधक आणखी करणार तरी काय?

झालं असं, की तू गेल्यावर सहाएक महिन्यांनी तुझ्या कपाटात ते गेमयंत्र सापडलं. बाबांनी मला फर्मावलं की हिने घरदार सोडून काय दिवे लावलेत ते एकदा बघू दे. इंटरनेटवरच्या तुझ्या पानावरच्या सूचना वाचून मी तो प्रोग्रॅम त्यात चढवला. (तीन रविवार गेले. हे काम चष्मेवाल्याचं नव्हे.) पहिल्याच दिवशी बाबांना चार चुका सापडल्या. माझ्या लग्नातसुद्धा ते इतके खूश दिसले नव्हते. तेव्हापासून एक वही केली आहे. तुझी दुरुस्ती आली की त्या तक्रारीपुढे बरोबरची खूण करतात आणि मुकाट्याने दुसरा चहा मागतात. तुझी वहिनी म्हणते की सासऱ्यांनी दुसरा चहा मागितला की समजायचं, नणंदबाईंचं बरं चाललंय.

मला शपथ घातली आहे, ती मी आज मोडली. तुला काही ठाऊक आहे असं त्यांना कळता कामा नये. कळलं तर ते वही बंद करतील, आणि तुमच्या दोघांत उरलंय ते तेवढंच. तूर्त पुरे. दारात एक आजोबा उभे आहेत आणि त्यांचा चष्मा त्यांच्याच कपाळावर आहे.

तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी संतापले, मग हसले, मग डबा न उघडता तशीच बसून राहिले. दीड वर्ष मी त्या माणसाला मनात काय काय शिव्या घातल्या आहेत ते तुला सांगण्यासारखं नाही. आणि मनाचा मोठेपणा म्हणून प्रत्येक उत्तरात वर ‘आदरणीय’ लिहीत होते!

शिडाची ओळ लावली. ‘आदरणीय वापरकर्ते, आपली सूचना ग्राह्य धरून दुरुस्ती केली आहे’ एवढं एक वाक्य लिहायला पाऊण तास लागला. खाली ‘औषधं वेळेवर घेता ना’ असं लिहून खोडलं. बंद करायचं अर्थातच रद्द. चौदा वापरकर्ते पुष्कळ झाले.

पण परवा त्यांचं उत्तर आलं. खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा तपासला, दोष आढळला नाही. बस्स, एवढंच. दादा, चार वर्षं मी या वाक्यासाठी जीव टाकत होते, आणि आलं तेव्हा ते नकोसं झालं. आता ते पुन्हा कशाला लिहितील? मुद्दाम एखादी चूक घालून ठेवावी असं मनात आलं होतं. प्रोग्रॅममधली एक ओळ खोडलीही. मग निमूटपणे पुन्हा लिहिली. हात धजावला नाही. शेवटी त्यांचीच मुलगी. मला काही सुचत नाही, तुला सुचलं तर लिही. आणि अधूनमधून या वेड्या बहिणीची आठवण ठेव.

मुंगी

१४ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

घोटाळा झाला आहे. ज्या कंपनीला आपण असं यंत्र केलं होतं याचीही आठवण राहिली नसेल असं वाटत होतं, तिने इतक्या वर्षांनी एक सुधारणा पाठवली. पडद्यावर विचारणा आली आणि बाबांनी होकाराचं बटण दाबलं. यंत्र आता झकास चालतं, फक्त तुझा प्रोग्रॅम ओळखत नाही. ‘बाहेरच्यांचे प्रोग्रॅम चालणार नाहीत’ असं सरळ तोंडावर सांगतं. मी सगळ्या खटपटी केल्या. तुझ्या पानावर लिहिलंय की अशा वेळी यंत्र उघडून आत तार जोडावी लागते आणि ते तुझ्याकडेच पाठवावं.

आता गंमत बघ. पाठवायचं तर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहावा लागणार. बाबा मला म्हणाले की तू स्वतःच्या नावाने पाठव, एका गिऱ्हाइकाचं आहे म्हण. मी नाही म्हणालो. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणालो, आणि मग दुकानात जाऊन दार लावून बसलो. तीन दिवस झाले, यंत्र टेबलावर आहे. बाबा त्याच्याभोवती फिरतात. दुसरा चहा बंद आहे. तुझी वहिनी काळजीत आहे, मीही.

तुझा,
दादा

१९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाबास! असाच ठाम राहा. त्यांनी स्वतः लिहिल्याशिवाय मी हात लावणार नाही. दोन वर्षं मीही पहिलं पाऊल टाकलं नाही, पण निदान दार उघडून बसले आहे.

एक कळत नाही. कंपनीची सुधारणा घेऊ नका, सगळं बंद पडेल, असं माझ्या पानावर ठळक अक्षरांत पहिल्याच ओळीला आहे. आणि त्या ओळीतला स्वल्पविराम काढून पूर्णविराम घाला अशी त्यांचीच नववी तक्रार होती. वाचलेलं ते विसरत नाहीत. त्यांची तब्येत बरी आहे ना? खरं सांग. मला भीती वाटते आहे.

मुंगी

२६ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात यंत्र आहे. कापसात गुंडाळले आहे. मालकाचे नाव व पत्ता खोक्यावर स्पष्ट अक्षरांत लिहिला आहे. हा मनुष्य तुझ्या ओळखीचा आहे.

हे चुकून झाले असे दादाने तुला कळवले असणार. तो भोळा आहे. चाळीस वर्षांत मी एकही कागद वाचल्याशिवाय हातावेगळा केला नाही. कंपनीची सूचना चार पानांची होती. मी ती तीनदा वाचली. दुसऱ्या पानावर एक शब्द दोनदा छापला गेला आहे. बटण दाबल्यावर तुझा प्रोग्रॅम चालणार नाही हे मला पुरते ठाऊक होते. त्यानंतर मी बटण दाबले.

कारण असे की, चूक सापडली म्हणजे मला तुला चार ओळी लिहिता येत. तुझे उत्तर येई. ते कोणाला लिहीत आहेस हे तुला ठाऊक नव्हते, तरी येई. सुरुवातीला मी केवळ तुझे काम वाईट आहे हे सिद्ध करण्यासाठी चुका शोधल्या, हे कबूल करतो. नंतर केव्हा सकाळ होते याची वाट पाहू लागलो. गेल्या महिन्यात दोष आढळला नाही असे लिहिले आणि मग तेवीस दिवस एक तरी चूक शोधत होतो. सापडली नाही. काम फार नेटके केले आहेस. चूक तयार करण्यावाचून मला मार्ग उरला नाही.

त्या दिवशी जेवताना मी तुला जे बोललो ते चूक होते. तुझी आठवण येते. हे दोन्ही यापूर्वीच कळवायला हवे होते.

यंत्र दुरुस्त झाल्यावर टपालाने पाठवू नये. टपालात फार आदळआपट होते. स्वतः घेऊन यावे आणि चार दिवस राहावे. तुझ्या खोलीतील माझी पुस्तके हलवली आहेत. बापावरचा राग संपला नसला तरी चालेल, तो घेऊनच ये.

तुझा,
बाबा

ता. क. हे पत्र तपासलेले नाही. तपासले असते तर पाठवले नसते.