कडेकडेनं सत्तर

१४ नोव्हें.
आठवी ब चं गणित माझ्याकडे आलं. म्हणजे आमची रेवाही आली. करार तिनंच केलाय : शाळेत मिस, घरी आई. बसवनगुडीला बसमधून उतरलो की बाईसाहेब पुढे, जणू ओळखच नाही. फाटकापासून हॉलपर्यंत मैदानात तिरकी पायवाट पडलीये, पोरांच्या पायांनी गवत झिजून. रे. तिथून पळते. मी मागून बघत राहते. वेणी केवढी लांब झाली...

१८ नोव्हें.
वर्गमूळ. फळ्यावर √(९+१६). रे.नं चक्क हात वर केला! "सात." ९चं ३, १६चं ४, मिळून ७. दरवर्षी अर्धा वर्ग हेच सांगतो. म्हटलं, आधी बेरीज, मग मूळ. २५, म्हणून ५. पण चंदन ओरडला, "मिसच्या मुलीलाच येत नाही!" वर्ग हसला. मलाही हसू आलं. तिनं ते पाहिलं.
जेवताना भात चिवडत : "मला सेक्शन बदलून हवाय."
श्रीधर, तिचा बाबा, मारतहळ्ळीच्या ऑफिसातून दमून आलेला. म्हणे, "बदलू दे की गं तिला." त्याला काय जातंय.

२१ नोव्हें.
हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, सेक्शनचं सोमवारी नक्की सांगा.
वर्ग मैदानात नेला. ऊन पेंगुळलेलं, भिंतीलगत टॅबेबुयाची गुलाबी फुलं गळतायत, मीही अर्धी स्वप्नात. एका भिंतीनं चाळीस पावलं, दुसरीनं तीस. तिरक्या वाटेनं? पन्नास.
"बघा, तुमच्या पायांना कधीचं ठाऊक आहे. सत्तर कोण चालतं?"
"मी," रे. म्हणाली.
आणि निघाली. भिंतीच्या कडेकडेनं, फुलं वेचत. बाकी सगळे हॉलच्या पायरीवर ताटकळत. चंदन कन्नडमधून : "स्वल्प बेगा बा!" जरा लवकर ये म्हणे. ही ढिम्म. उत्तर चूक नि ऐट राणीची! इतकी आवडली मला त्या क्षणी. काय सांगू.
घरी आल्यावर आपणहून : "पाचच येतं. कळलंय मला."
"मग एवढा वळसा कशाला?"
"तिकडे फुलं होती."
सेक्शनचं विचारायचा धीर झाला नाही.

२४ नोव्हें.
सोमवार. बसमधून उतरलो. रे. नेहमीसारखी पुढे. फाटकाशी मात्र थांबली. तिरकी वाट सोडून भिंतीकडे वळली नि मागे पाहिलं. मी गेले. चाळीस पावलं शेजारी शेजारी, मग कोपरा. घंटा झाली. मिस म्हणावं की आई, तिचं ठरत नसावं. हेडमिस्ट्रेस पायरीवर उभ्या, माझ्याकडे बघत. अजून तीस पावलं होती. मी लहान लहान टाकली.