सुधाकरचे फाटके बूट

भिलाई, जानेवारी १९६३. शनिवार, संध्याकाळ.

आज जीव थकला. कारखान्याच्या बास्केटबॉल टीमचे कोच घरी आले होते. माझा नातू सुधाकर सोळाचा. त्याला आत्ताच पाच वर्षांसाठी करारात घ्यायचं म्हणतात, नोकरीही देणार. त्याचा पालक मीच, म्हणून सही माझी लागते.

मी म्हटलं, "मॅट्रिक होऊ द्या. दिवाळीत घेतलेले बूट अंगठ्याशी फाटले त्याचे. हाडं अजून वाढून राहिली. दोन पक्के दात आल्याशिवाय आमच्यात गोऱ्हा जुंपत नाहीत."

कोच हसले. "बाबा, आम्ही बैल नाही घेऊन राहिलो."

"मग आतापासून बांधता कावून?"

"थांबलो तर दुसरी टीम नेईल त्याले. सोमवारी सांगा."

गुडघा गेला तर नोकरी राहील का? हे विचारायचं राहूनच गेलं. आता तेच डोक्यात फिरतं.

जेवताना सुधाकरने अर्धी भाकर ताटातच ठेवली. "तुले काय झालं?" म्हटलं, तर म्हणाला, "काही नाही, आजोबा."

बूट दारात पडले आहेत, अंगठ्याशी फाटलेले. बैलाचा सौदा होतो तेव्हा बैलाला कोणी विचारत नाही. तुले काय पाहिजे, हे मीही त्याला विचारलं नाही.