गोटा कासव आणि पूर्वेच्या खिडकीची काच

या मृत्युपत्राने एक विधान सिद्ध करायचे आहे. ते असे : माझ्या पश्चात गोटा नावाच्या पाळीव कासवाचा सांभाळ करण्यास लायक अशी व्यक्ती माझ्या माहितीत एकच आहे, आणि ती व्यक्ती तो सांभाळ करणार नाही. घर, पुस्तके वगैरेंची वाटणी ओघाने येईल.

मी, ईश्वरदास लहानूजी शहारे, वय ७६, तर्कशास्त्राचा निवृत्त अधिव्याख्याता, राहणार अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. माझ्या डॉक्टरांनी पुढच्या धानकापणीचा विषय टाळला, त्यावरून निघते ते अनुमान मी काढले आहे. कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणण्यास घरात कोणी उरलेलेही नाही. १९९९ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. माझी पत्नी सावित्रीबाई माझ्या मागे हयात राहील या गृहीतावर ते उभे होते. ती २००७ साली गेली.

१. राहते घर माझा एकुलता मुलगा राजदीप यास. तो पुण्यास नोकरी करतो व हे घर विकेल. त्यास माझी हरकत नाही. अट एवढीच की गोटा जिवंत असेपर्यंत विकू नये, आणि तोवर पूर्वेच्या खिडकीला काच बसवू नये. ती मी गेल्या वर्षी स्वतः काढली आहे. पावसाळ्यात पाणी आत येते, येऊ द्यावे.

२. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयास. समासात मी पेन्सिलीने टिपणे केली आहेत. ती खोडू नयेत. चूक आढळल्यास शेजारी लिहावे.

३. साक्षीदारास मृत्युपत्रातून काही देऊ नये या मताचा मी आहे. म्हणून या मृत्युपत्राचे साक्षीदार टिकाराम बोरकर यांस माझी छत्री मिळणार नाही. ती त्यांनी २००५ साली नेली असून अद्याप परत केलेली नाही, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिशरण-पंचशील म्हणून, थोडक्यात व्हावा. माझ्यावर भाषणे करू नयेत. त्यांना उत्तर देता येणार नाही.

५. आता कासव. नोव्हेंबर २००३ मध्ये राजदीपने ते नागपूरहून आपल्या मुलीसाठी, मोनालीसाठी आणले. तेव्हा ते दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे होते. डोळ्यामागे लाल पट्टा, जात परदेशी. न हलता बसते म्हणून मोनालीने नाव ठेवले गोटा. पुढच्या वर्षी राजदीपची बदली झाली आणि कासव "तात्पुरते" माझ्याकडे राहिले. मागच्या महिन्यात मोनालीचा फोन आला. ती विचारत होती, "आजोबा, तो अजून जिवंत आहे?" तिच्या आवाजात आनंद नव्हता, आश्चर्य होते.

टाकी तीन फुटी काचेची. पाणी विहिरीचे, एक दिवस बादलीत ठेवलेले. दर चौथ्या दिवशी तिसरा हिस्सा बदलावा. सगळे पाणी एकदम बदलू नये. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. वीज गेल्यास फिल्टर बंद पडतो आणि येथे ती जातेच, तेव्हा उरलेले खाणे लगेच काढून घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत हीटर लावावा. खाणे : तयार गोळ्या, पालेभाजी, आठवड्यातून एकदा वाळलेले झिंगे. भात देऊ नये. या जिल्ह्यात ज्याच्यावर जीव आहे त्याला भात वाढण्याची रीत आहे. कासवाच्या बाबतीत ती मोडावी. कोरडे बसण्यासाठी विटांची पायरी आहे. पूर्वी ते तिच्यावर स्वतः चढत असे. आता उचलून ठेवावे लागते.

६. राजदीपने सुचवले, "बाबा, इटियाडोह धरणात सोडून द्या ना. मोकळं राहील." मी केवलराम उईके यास विचारले. तो माझा जुना विद्यार्थी, नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवतो. तो म्हणाला, "सर, हे भायेरच्या देशाचं जनावर हाये. आपल्या कासवायच्या तोंडचं खाऊन टाकीन. आन याच्या मांगच्या पायात त जीवच नाही. याले सोडता का बुडवता?" म्हणून स्पष्ट लिहितो : इटियाडोहात, तळ्यात, शेतातल्या बोडीत, कोठेही सोडू नये. असे करणे म्हणजे टाकून देणे होय, आणि त्याला मोकळे करणे म्हणू नये.

७. राजदीप सांभाळणार नाही. मोनाली वसतिगृहात आहे. टिकाराम यांना माझी छत्री सांभाळता आली नाही. केवलराम महिन्यातले वीस दिवस जंगलात असतो. राहिल्या सुशीलाबाई.

सुशीलाबाई मेंढे, हल्ली मुक्काम आमच्याच तालुक्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी, या माझ्या घरी २००७ ते २०१० धुण्याभांड्याला होत्या. त्याआधी बारा वर्षे त्या राईस मिलमध्ये उकडलेले धान अंगणात पसरून पायाने फिरवीत असत. गोट्याची टाकी मी पूर्वेच्या खिडकीत, बंद काचेमागे ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात त्या त्याला घमेल्यात घालून अंगणात घेऊन गेल्या. तासभर ऊन, मग परत टाकीत. रोज. मे २००९ मध्ये गोटा घमेल्यातून उतरला आणि तीन तास सापडला नाही. शेवटी पाण्याच्या ड्रमामागे मिळाला. मी त्यास बाहेर नेण्यास मनाई केली. आमचे संभाषण मला शब्दशः आठवते.

"सर, काचेतलं ऊन नाही पुरत त्याले."

"ऊन म्हणजे प्रकाश. काच पारदर्शक आहे. प्रकाश आत येतो. मग ऊन आत येते."

"मंग आमी मिलमंदी धान आंगनात कायले पसरवतो? काचेच्या खोलीत काऊन नाही वाळवत?"

मी समजावले की धान उष्णतेने व वाऱ्याने वाळते, प्रकाशाने नव्हे; दृष्टान्त गैरलागू आहे. त्या भांडी घासत राहिल्या.

"बोलण्यात तुमी हारत नाही जी," त्या म्हणाल्या. "पन त्याची पाठ पाहा कधी."

जानेवारी २०१० मध्ये मी बँकेतून लवकर परतलो, तेव्हा गोटा अंगणात घमेल्यात होता. त्या आठ महिने, मी बाहेर पडलो की त्याला नेत होत्या. शेजारच्या दोन बायका उभ्या असताना मी म्हणालो, "माझ्या घरात राहून खोटं बोललीस."

"खोटं नाही बोलली. तुमी विचारलंच नाही."

मी त्यांना कामावरून काढले. कासव त्यांनी टाकीत ठेवले, टाकीवर जाळी घातली, घमेले धुऊन भिंतीला उभे केले आणि गेल्या. ते घमेले अजून तेथेच आहे.

८. पुढील दोन वर्षांत गोट्याच्या पाठीच्या कडा वर वळल्या. कवच बोटाने दबू लागले. मागचे पाय ओढले जाऊ लागले. मी गोळ्यांचा डबा बदलला, पाणी बदलले, वीट बदलली. खिडकी बदलली नाही. २०१२ च्या मार्चमध्ये मी त्यास नागपूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ऊन कुठं मिळतं?" मी सांगितले, पूर्वेच्या खिडकीत. "काच उघडी की बंद?" मी सांगितले, बंद. ते म्हणाले, हाडासाठी लागणारा उन्हाचा भाग काच अडवते. आता कवच घट्ट होईल, सरळ होणार नाही. पाय परत येणार नाहीत.

पस्तीस वर्षे मी मुलांना शिकवले की युक्तिवाद निर्दोष असूनही आधारविधान असत्य असू शकते. सुशीलाबाईंचा दृष्टान्त गैरलागू होता आणि त्यांचे म्हणणे खरे होते.

९. मागील नोव्हेंबरात टिकाराम यांस घेऊन मी प्रतापगडास गेलो. सुशीलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी सर्व वृत्तान्त क्रमाने सांगितला : काच, डॉक्टर, पाठ, पाय. शेवटी कासव स्वीकारण्याची विनंती केली. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला आणि विचारले, "पाय गेले का त्याचे?"

"मागचे. दोन्ही."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून ओसरीखाली टाकला. "सर, तुमी माफी मागाले आले का समजवाले आले?"

मी पाणी बदलण्याचा क्रम सांगू लागलो. हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता.

"मले नाही पाहावत ते आता," त्या म्हणाल्या. "नका देऊ मले." सूप उचलून त्या आत गेल्या. वरील विधान येथे सिद्ध झाले.

१०. तरीही गोटा, त्याची टाकी, फिल्टर, हीटर व घमेले मी सुशीलाबाई मेंढे यांस देत आहे, आणि माझ्या घराचे अंगण गोटा जिवंत असेपर्यंत वापरण्याची त्यांना मुभा देत आहे. त्यांनी नकार द्यावा. तो त्यांचा अधिकार आहे. त्या येतील असे मानण्यास माझ्याजवळ कोणताही आधार नाही. नकार दिल्यास केवलराम याने महिन्यातले जे दहा दिवस तो गावात असेल तेवढे पाहावे. उरलेल्या वीस दिवसांची तरतूद मला सुचलेली नाही.

स्थळ : अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. दिनांक : १९ फेब्रुवारी २०१३.

मृत्युपत्र करणार : (सही) ईश्वरदास लहानूजी शहारे

आमच्या समक्ष लिहून देणाऱ्याने सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली :
१. (सही) टिकाराम बोरकर, निवृत्त लिपिक, अर्जुनी मोरगाव
२. (सही) केवलराम उईके, वनमार्गदर्शक, नागझिरा

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच कागदावर. वरील मजकूर वाचून टिकाराम म्हणाले, "सर, एवढं सारं लिवलं, पन तिनं इचारलं त्याचं उत्तर कोठी हाये याच्यात?" शोधले. नाही. म्हणून खालचा मजकूर, याला साक्षीदार लागत नाही. मी गेल्यावर टिकाराम यांनी तो प्रतापगडास जाऊन वाचून दाखवावा. त्यावेळी कासवाचा विषय काढू नये.

सुशीलाबाई, तुम्हाला ठाऊक होते आणि मी तुम्हाला विचारले नाही. तुम्ही खोटे बोलला नव्हतात. चूक माझी होती. मी माफी मागतो.

(सही) ईश्वरदास लहानूजी शहारे